अर्ध्या पडद्यावरचं पिशाच्च

मी बेल दाबली आणि त्याच क्षणी आतल्या टीव्हीवर एका उंच माणसाने कोणाच्या तरी दारावर टकटक केली. माझी बेल वाजली नाही, बिघडलेली असावी. त्याची टकटक मात्र आतल्या म्हातारीला ऐकू गेली. ती दचकून स्वतःच्याच दाराकडे वळली आणि तिला मी दिसलो. आमच्यामध्ये जाळीचा लोखंडी दरवाजा होता, आतून कडी लावलेला. मी म्हणालो, "सोनवणे. घर बघायला आलोय. प्रेमराजभाऊंशी फोनवर बोलणं झालंय." म्हणालो खरं, पण माझे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले होते. काळा लांब कोट, ओले केस, हातात काढून धरलेली टोपी, आणि चेहऱ्यावर पाहुण्या माणसाचं ते अवघडलेपण. हा माणूस माझ्या ओळखीचा होता. पस्तीसेक वर्षांपूर्वी धुळ्यात मी त्याला असाच गजांमधून पाहिला होता, आणि तेव्हाही मला पडद्याचा डावाच भाग दिसत होता. उजव्या भागाच्या आड तेव्हा कपाट येत होतं. आता फ्रिज होता. एवढ्या वर्षांत माझी प्रगती झाली ती ही.

"प्रेमराज बजारमा गयेल शे," म्हातारी म्हणाली. "त्यानी सांगेल शे, कोनलेबी दार उघाडू नको. उभा ऱ्हाय भो, येईच जाई आते."

मी उभा राहिलो. एरवी मी 'नंतर येतो' म्हणून निघालो असतो, पण या घराला एकही पायरी नव्हती. फाटकापासून भाड्याने द्यायच्या मागच्या ब्लॉकच्या दारापर्यंत सगळं एका पातळीत. फाटकातून आत येताना मी ते नजरेने मोजून घेतलं होतं. जळगावला बदली झाल्यापासून मी धुळ्याहून रोज अप-डाऊन करतो. पारोळ्याला बस थांबते तेव्हा निम्मं आयुष्य संपल्यासारखं वाटतं, आणि मग लक्षात येतं की अजून निम्मं उरलंय. त्यात पावसाळ्यात आईची उजवी बाजू गेली. धुळ्यातला, देवपूरचा आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात. आईला फिजिओथेरपीला न्यायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारच्यांनी मिळून उतरवायचं. उतरवताना ती डोळे गच्च मिटून घेते, जणू तिची मिरवणूक निघालीय आणि तिला ती मुळीच पसंत नाही. माझी बायको सपना सकाळी मी निघताना म्हणाली होती, "आज ठरवूनच या. आणि नुसतं सोनवणे सांगा. पुढचं विचारलं तर हो हो करा."

सोनवणे हे आडनाव खानदेशात मोठ्या मनाचं आहे. ते मराठ्यांत आहे, कोळ्यांत आहे, माळ्यांत आहे, आम्हा बौद्धांतही आहे. त्यामुळे घरमालकाचं पहिल्या प्रश्नात भागत नाही. बिचाऱ्याला दुसरा विचारावा लागतो: गाव कोणतं? मग तिसरा: गावात कुठल्या अंगाला? चौथा असतो, पाहुणे कुठले? पण त्याच्यापर्यंत मी कधी पोचलेलो नाही. तिसऱ्यालाच घर कालच दिलेलं असतं, किंवा मालकाचा पुण्यातला मुलगा परत यायचा असतो. जळगावच्या इतक्या घरमालकांची मुलं पुण्याहून परत यायची आहेत की येत्या दिवाळीपर्यंत पुणं ओस पडावं. मी हे एकदा चांदला सांगितलं. चांद म्हणजे माझा लहानपणचा दोस्त. बाप पिंजारी होता, गल्लोगल्ली कापूस पिंजायचा. चांदचं आता शिरपुरात गाद्यांचं दुकान आहे. तो फोनवर खूप वेळ हसला आणि म्हणाला, "तुला निदान तीन प्रश्न तरी विचारतात, युवराजभाऊ. माझं तर नावातच आटोपतं. पेपर हातात यायच्या आधी निकाल."

तो चांद पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारी होता. खिडकीत. देवपूरला आमच्या वस्तीच्या आणि पक्क्या घरांच्या मध्ये एक बोळ होता, आणि बोळातली पहिली खिडकी वाणीकाकांची. त्यांच्याकडे टीव्ही होता, आणि सणावाराला ते व्हीसीआर भाड्याने आणत. त्या दिवशी एकादशी होती म्हणून त्यांनी धार्मिक पिक्चर सांगितला होता. कॅसेटवाल्याने चुकून परदेशी टीव्हीसाठी काढलेला एक इंग्रजी भुताचा पिक्चर पाठवला. पैसे भरलेले होते, तेव्हा उपासाची भगर खाऊन सगळं घर तो बघायला बसलं. आत वाणीकाका, काकू, त्यांची पोरं, शेजारपाजार. बाहेर गजांना धरून चांद आणि मी. आम्हाला कोणी हाकललं नाही, हे आधी सांगायला हवं. काकूंनी तर गजांमधून दोघांच्या ओंजळीत शेंगदाण्याचे लाडू सोडले, तेही हात आमच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवरून, पण एकही लाडू खाली न पडता. त्या कौशल्याचं मला आजही कौतुक वाटतं. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

पिक्चर टीव्हीसाठी काढलेला असल्यामुळे फार सभ्य होता. रक्त कुठे दिसायचं नाही. तो लांब कोटवाला कोणाच्या मानेकडे वाकला की पडदा काळा व्हायचा, जरा वेळ काळाच राहायचा, आणि मग एकदम सकाळ झालेली असायची. तिकडे त्या काळ्या जागांमध्ये साबणाच्या आणि मोटारींच्या जाहिराती असत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हा चांदचं म्हणणं होतं की त्या वेळी तो डोळे मिटतो, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. मला हे पटलं होतं. तसं अजूनही पटतं. तर पडद्याच्या डाव्या अर्ध्यात तो सबंध पिक्चरभर बाहेर उभा होता. पावसात उभा, झाडाखाली उभा, दिव्याच्या खिडकीकडे बघत उभा. आतली माणसं, जेवणाचं टेबल, हसणं-खिदळणं, हे सगळं उजव्या बाजूला, कपाटाच्या आड, नुसतं ऐकू यायचं. वाणीकाकांची थोरली मुलगी कॉलेजात होती. ती सगळ्यांना समजावून सांगत होती. तिचं एक वाक्य खिडकीपर्यंत आलं: "त्याला आतल्या कोणी 'ये' म्हटल्याशिवाय घरात येता येत नाही." आत सगळ्यांनी 'अगं बाई' केलं. बाहेर चांदने माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि कुजबुजला, "ये तो अपनाच है रे."

तेव्हापासून आम्ही त्याच्या बाजूचे झालो. त्याने कोणाला खाल्लं तर खाल्लं. आधी विचारून तरी जातो. आणि मग ती जागा आली. तो दारासमोर आला, टकटक केली, टोपी काढली, काहीतरी विचारलं. पलीकडून, कपाटाच्या आडून, कोणीतरी बोललं. तो हसला आणि पायरी ओलांडून उजवीकडे गेला, म्हणजे आमच्या पिक्चरमधूनच निघून गेला. आत सगळे किंचाळले. त्या किंचाळ्यांत थोरलीचं वाक्य बुडालं, आणि कोणी 'ये' म्हटलं ते आम्हाला कळलं नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्यावर भांडलो. चांद म्हणायचा आजीबाईने. म्हाताऱ्यांनाच माणसाची दया येते. मी म्हणायचो लहान मुलीने. तिला अजून कोणी शिकवलेलं नसतं. दहावीच्या अभ्यासापेक्षा आम्ही यावर जास्त डोकं घातलं असेल. वाणीकाकांच्या मुलीला विचारणं सोपं होतं. पण त्यासाठी दार वाजवावं लागलं असतं.

आणि आता तोच पिक्चर, हिंदीत डब केलेला, रविवारच्या दुपारी, कुठल्याशा चॅनलवर. मी जाळीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हातारीही अस्वस्थ होती. तिने रिमोट खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "भो, तुम्ही शिकेल दिसतस. हाऊ मानूस भायेर काबर उभा शे? केव्हानं देखी राह्यनू, मझार येतच नही."

"त्याला आत येता येत नाही, अक्का," मी जाळीतून म्हणालो. "घरातल्या कोणी बोलवावं लागतं. ये म्हणावं लागतं."

"मंग म्हनाना 'ये'! दारमा उभा मानूस, आनि कोनी बस म्हनत नही. कसा लोके शेतस हाई?"

हे ती मला जाळीच्या पलीकडून म्हणाली. मी तिचा चेहरा निरखून पाहिला. टोमणा नव्हता. तिला खरंच त्या कोटवाल्याची काळजी वाटत होती. मी म्हणालो, "भूत शे तो, अक्का. रगत पेस मानसंनं." हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. ऑफिसात मी बातम्यांसारखं मराठी बोलतो. घरीसुद्धा सपना पुस्तकी बोलते म्हणून तसंच. अहिराणी माझ्यात आईसाठी ठेवलेली आहे, आणि आजारपणानंतर तीही फारशी लागत नाही. पण म्हातारीचा चेहरा एकदम उजळला.

"अरे! तू ते आपलाच निंघना!" ती गुडघ्यांवर हात रोवून उठली, दारापर्यंत आली आणि प्रेमराजने सांगितलेलं सगळं विसरून तिने कडी काढली. "ये, मझार ये. बस. माले हाऊ पिच्चर समजाडी सांग. मी वच्छलाबाई, प्रेमराजनी माय."

माझी आई मंदाबाई हिचा एक नियम होता: बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि बोलावलं तरी लगेच जाऊ नये. पहिल्यांदा बोलावतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा शेजारी ऐकतायत म्हणून; तिसऱ्यांदा बोलावलं तर विचार करावा. माझ्या बहिणीच्या सासरीसुद्धा ती ओसरीवर पदर सारखा करत उभी राहायची. मी तिचा नियम पन्नाशीपर्यंत पाळला. त्या दुपारी मात्र पहिल्या 'ये'लाच चपला काढून आत गेलो, कारण पडद्यावर तो माणूस दुसऱ्या एका दारासमोर येऊन उभा राहिला होता, ओल्या केसांनी, हातात टोपी घेऊन, आणि ही ती जागा होती. मला घर हवं होतं, आईसाठी हवं होतं, सगळं खरं. पण पाय उचलला तो फ्रिजच्या पलीकडे बघायला.

मी सोफ्याच्या कडेला टेकलो. सबंध पडदा दिसायला लागल्यावर पहिल्यांदा डोळ्यांना ते चुकीचंच वाटलं, फार रुंद, जणू कोणीतरी अर्धं नंतर जोडलंय. डावीकडे तो, त्याला मी ओळखत होतो. उजवीकडे दार उघडून उभी होती एक तरुण बाई, एप्रनला हात पुसत. आजी नाही, मुलगी नाही. तिच्यामागे उघडे खोके, दोरीने बांधलेली पुस्तकं, भिंतीला टेकवून ठेवलेले आरसे. नुकतं बिऱ्हाड हलवलेलं घर. त्याने हिंदीत विचारलं, "क्या मैं अंदर आ सकता हूँ?" आणि ती बाई ओशाळून हसली आणि म्हणाली, "आप भी कमाल करते हैं! मकान-मालिक को पूछना पड़ता है क्या? आइए ना."

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही, पण वच्छलाबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?"

"तो घरमालक शे," मी म्हणालो.

"कोन?"

"हाऊ. भूत. घर त्यानंच शे. ती भाडोत्री शे."

"हा मंग," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

मला मात्र पस्तीस वर्षं नव्याने लावावी लागत होती. पावसात भिजणारा, खिडकीतल्या उजेडाकडे बघणारा, तो आमच्यातला नव्हताच. तो स्वतःच्याच घराकडे बघत होता. भाड्याने दिलेल्या घरात त्याला पाऊल टाकता येत नव्हतं, एवढीच त्याची अडचण. चांदने आणि मी एका घरमालकासाठी जीव टाकला होता. त्याला आत घ्या म्हणून मी कॉलेजात असेपर्यंत मनातल्या मनात त्या न दिसणाऱ्या माणसांना विनवत होतो, आणि ती माणसं होती बिचारी भाडोत्री, ज्यांना कोणीतरी एकदाचं घर दिलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी पुढे सरकून बसलो. फाटकावर प्रेमराजने लावलेल्या पाटीवर 'फक्त फॅमिलीसाठी, शाकाहारींना प्राधान्य' असं लिहिलेलं होतं; या मालकाने भाडोत्री ठेवताना काय अट घातली असेल, हे जाणून घ्यायची मला विलक्षण उत्सुकता लागली. त्याने आडनाव विचारलं असेल का? बहुधा नसेल. त्याला सगळ्यांचं सारखंच चालत होतं.

"कोनता सोनवने म्हने तू?" वच्छलाबाईंनी विचारलं. टीव्हीकडे बघत, सहज, जसं पाणी देऊ का विचारावं.

"सावखेडाना," मीही टीव्हीकडे बघतच म्हणालो.

"बोरी नदीवरलं सावखेडं? अरे, मनं सासर ते! गढीकडला का?"

"नही. नाल्यापल्याडना."

पडद्यावर ती बाई घरमालकाला चहाचं विचारत होती आणि तो नको म्हणत होता. एरवी पहिल्या प्रश्नालाच मी सावध होतो. माझ्या पाठीच्या कण्यात त्यासाठी एक वेगळा स्नायू तयार झाला आहे. पण पिक्चर बघताना तो सैल पडला असावा. आपण काय बोललो ते मला पडदा काळा झाल्यावर कळलं. त्या जुन्या काळ्या जागेत आता जाहिरातसुद्धा नव्हती. हे चॅनल जाहिराती आपल्या सोयीने वाक्याच्या मध्येच घालत होतं. नुसता काळा पडदा, आणि त्यात आम्हा दोघांची प्रतिबिंबं: एक म्हातारी, आणि तिच्या सोफ्यावर बसलेला नाल्यापल्याडचा माणूस.

वच्छलाबाईंनी पायांवरून पातळ नीट केलं. मग सकाळ झाली, पडद्यावर, आणि त्या हळूच, कोणी ऐकत असल्यासारख्या म्हणाल्या, "मंग हाई प्रेमराजले सांगू नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो चांगला शे. पन त्यानी बायको, तिनं माहेर... जाऊ दे. तू गढीकडला सांग. मना दिरसना भाऊबंद. मी हा म्हनसू. कोन जास सावखेडाले देखाले?" आणि मग, माझ्या बघण्याचा काय अर्थ लावून कोण जाणे, "बिनपायरीनं घर शे भो. तुनी माय बिमार शे, प्रेमराज सांगे. माले बी कोनी बोलाले नही दिनभर. आनि पिच्चर पुरा करी जा."

हे आमंत्रण होतं. मला आयुष्यात बरीच आमंत्रणं मिळाली आहेत, लग्नाची, सेवानिवृत्ती समारंभांची, पण इतक्या आपुलकीने माझं सगळं पुसून टाकायला कोणी बोलावलं नव्हतं. मी मनात घर लावायला सुरुवात केली. आईची खाट खिडकीपाशी, कमोडची खुर्ची मोरीजवळ. फोटोंचं सपनाने आधीच ठरवलं होतं: बुद्ध चालतील, हल्ली हॉटेलातही असतात; बाबासाहेब मात्र आतल्या खोलीत. ती हे माझ्याशी बोलत होती तेव्हा आई पंख्याकडे बघत होती. आजारपणानंतर ती बहुतेक वेळ पंख्याकडेच बघते, तेव्हा त्याचा अर्थ काढण्यात अर्थ नसतो. अडचण दुसरीच होती. आईची वाचा परत येऊ लागली आहे. फिजिओथेरपीवाल्या मुलीने गेल्या आठवड्यात तिला 'पाणी' म्हणायला लावलं, 'हात' म्हणायला लावलं. आईने दोन्हींना नुसतं घर्र केलं आणि निघताना त्या मुलीला, अगदी स्वच्छ, पहिला सबंध शब्द बोलल्यासारखं, 'जय भीम' म्हणाली. मुलगी रडलीच. या घरात आणल्यावर रोज सकाळी अंगणात प्रेमराज दिसला की आई त्याला काय म्हणेल, याविषयी मला तरी शंका नव्हती. म्हणजे मला तिची वाचा परत येऊ नये असं वाटायला हवं होतं. सोफ्याच्या कडेवर बसल्या बसल्या मी शोधून पाहिलं, तसं वाटतंय का. तसं अगदी थोडं, कुठेतरी खाली, वाटत होतं. हे बघून मला जो धक्का बसला तो पडद्यावरच्या कुठल्याही गोष्टीने कधी बसला नव्हता.

फाटकाबाहेर स्कूटर थांबली. प्रेमराज हा अंगाने भरलेला, चेहऱ्याने सज्जन असा गृहस्थ निघाला. हातातल्या पिशवीतून भरताच्या वांग्यांची हिरवट टोकं बाहेर आलेली. दाराशी येऊन त्याने जाळी ओढली. मी आत आल्यावर वच्छलाबाईंनी सवयीने पुन्हा कडी लावली होती.

"आई, उघड गं."

"मना गुडघा धरी बठनात," वच्छलाबाई मला म्हणाल्या. "तूच उघाड भो."

मी उठलो आणि कडीला हात घातला. जाळीच्या पलीकडे घरमालक उभा होता, घामाने ओले केस, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नुकतंच काढलेलं हेल्मेट. त्याला मी ओळखीचा वाटलो नाही आणि आपल्याच घरातल्या अनोळखी माणसाकडे बघून तो ओशाळल्यासारखा हसला.

"सोनवणे साहेब ना? वा, वा. आईने बसवलं, बरं केलं. तिला तसं सांगून ठेवलंय म्हणा, कोणाला उघडू नको, दिवस कसे आहेत बघता ना. तुम्हाला ताटकळावं नाही ना लागलं?"

"नाही नाही. टीव्ही बघत होतो."

"मागचा ब्लॉक दाखवतो लगेच. तुमच्या आईंसाठी एकदम बेस्ट आहे. व्हीलचेअर थेट बाथरूमपर्यंत." तो एका पायातली चप्पल काढत होता. "बरं, सोनवणे म्हणजे... कुठले?"

मी उत्तर द्यायच्या आत पाठीमागून आवाज आला, मोठा, तयारी केलेला. "सावखेडाना शे तो! गढीकडला! तुना काकाना भाऊबंद!"

प्रेमराजचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याच्यासाठी आनंद वाटला. "काय सांगता! म्हणजे घरचेच की!"

आता मला काहीच करायचं नव्हतं. खोटं मी बोललोच नव्हतो; ते माझ्यासाठी कोणीतरी बोलून ठेवलं होतं. नुसतं गप्प राहायचं, मान हलवायची, आणि पुढे आयुष्यभर आईच्या वाचेवर कान ठेवून बसायचं. सत्याचा वगैरे मला उमाळा आला नाही. सरकारी नोकरीत तो स्नायू लवकर जातो. पण मी आयुष्यभर दाराबाहेरच्या माणसाचाच चेहरा पाहत आलो होतो. आतून दार धरून उभं असताना बाहेरच्या घरमालकाचा चेहरा कसा दिसतो, आणि त्याला सगळं सांगितल्यावर तो कसा होतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा असा कोन मिळाला नसता.

मी कडी काढली आणि जाळी पूर्ण उघडली. "या ना, आत या," मी म्हणालो. "आईंचा जरा गोंधळ झाला. त्यांनी मला मायेने गढीकडचा केला. मी नाल्यापलीकडचा. आम्ही बौद्ध आहोत. माझी आई मंदाबाई. ती आता थोडं थोडं बोलायला लागलीय."

मागे टीव्हीवर जाहिरात लागली, कुठल्यातरी सिमेंटची. प्रेमराज हसतच होता; हसू काढायचं राहून गेलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत वच्छलाबाईंकडे, मग माझ्या चपलांकडे. त्याच्या पायपुसण्यावर त्या नीट, बाजूबाजूला काढलेल्या होत्या. घर गेलं, हे मला कळलं. त्यासाठी चौथ्या प्रश्नाची गरज नव्हती. पण तो कालच दिलं म्हणेना, पुण्याचा मुलगा काढेना. त्याची एक चप्पल निघाली होती, एक पायात होती, आणि पिशवीतल्या वांग्यांच्या वजनाने तो त्या बाजूला किंचित कलला होता.

"काय ते ठरावा रे दोन्ही," आतून वच्छलाबाई ओरडल्या. "दार उघाडं शे, माश्या मझार येतस."

प्रेमराजने उचललेला पाय उंबऱ्याच्या वर आला आणि तिथेच राहिला. मी दार धरून बाजूला सरकलो, त्याला वाट करून दिली. घाई मला नव्हती. धुळ्याची बस दर अर्ध्या तासाला असते. तो पाय आत पडतो की बाहेर, हे बघायची मला मनापासून उत्सुकता होती.